‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामधली भेग : ज्युली ओत्सुका यांच्या ‘द स्विमर्स’ या कादंबरीचे एक मराठी वाचन

प्रास्ताविक

ज्युली ओत्सुका या जपानी वंशाच्या अमेरिकन लेखिका आहेत. ‘व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन’ (२००२) आणि ‘द बुद्धा इन द ॲटिक’ (२०११) या कादंबऱ्यांनंतर २०२२ मध्ये त्यांची ‘द स्विमर्स’ ही तिसरी कादंबरी प्रकाशित झाली. २०२३ साली या कादंबरीला कल्पनात्मक साहित्यासाठीचे अँड्रू कार्नेगी पदक मिळाले. कादंबरी आकाराने लहान, दोनशेहून कमी पानांची आहे. तिचे पाच भाग आहेत. पहिल्या दोन भागांत जमिनीखालच्या एका सार्वजनिक जलतरण तलावात नित्यनेमाने पोहायला येणाऱ्यांचा समूह बोलतो. या समूहातील ॲलिस नावाच्या वृद्ध स्त्रीला स्मृतिभ्रंश जडलेला आहे. पुढील तीन भाग तिचे, आणि तिच्यापासून दीर्घकाळ दूर राहिलेल्या तिच्या मुलीचे आहेत.

या कादंबरीबाबत वाचकाच्या मनात सहज उभा राहणारा आक्षेप असा की, ती दुभंगलेली आहे. तलावाचे भाग खेळकर, उपरोधिक आणि सामूहिक आहेत. आईचे भाग शोकात्म आणि खाजगी आहेत. ‘डिएम पेर्दिदी’ हा तिसरा भाग २०११ मध्येच ‘ग्रँटा’ या नियतकालिकात स्वतंत्र कथा म्हणून प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे ही एकसंध कलाकृती नसून दोन वेगळ्या रचना एका बांधणीत आणल्या आहेत, असा संशय बळावतो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार केला आहे. कादंबरीची एकात्मता कथानकात नसून सर्वनामांच्या प्रवासात आहे. आणि हा प्रवास इंग्रजीपेक्षा मराठीतून वाचताना अधिक स्पष्ट होतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वाचक-प्रतिसाद समीक्षेने वाचनाला निष्क्रिय ग्रहण मानलेले नाही. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने संहितेतील ‘रिक्त जागा’ वाचक भरून काढतो आणि त्यातूनच अर्थनिष्पत्ती होते, असे मांडले. या रिक्त जागा केवळ घटनांच्या नसतात, त्या व्याकरणाच्याही असू शकतात. इंग्रजी कादंबरी वाचणारा मराठी वाचक शब्द इंग्रजीत वाचतो, पण बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याची जुळणी पुष्कळदा मराठीत करतो. इंग्रजी ‘वुई’ आणि ‘यू’ जे सांगत नाहीत ते त्याला ठरवावे लागते. ‘द स्विमर्स’ या कादंबरीत हे ठरवणे हाच वाचनाचा गाभा होऊन बसतो.

तलावातील ‘वुई’ : आम्ही की आपण?

पहिल्या भागाचे निवेदन प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. जमिनीवर या माणसांची आयुष्ये वेगवेगळी आहेत. व्यवसाय, वय, आजारपणे, अपयशे यांत साम्य नाही. पाण्यात उतरल्यावर मात्र त्यांची ओळख फक्त लेनवरून ठरते : जलद, मध्यम किंवा संथ. तलावाचे नियम आहेत, शिष्टाचार आहेत, फेऱ्या मोजण्याच्या तऱ्हा आहेत आणि हे सारे काटेकोरपणे सांगण्यात निवेदनाला एक प्रकारचा अभिमान वाटतो. या समूहात ॲलिसही आहे. लॉकरचा क्रमांक किंवा टॉवेल कोठे ठेवला हे तिला आठवत नसले तरी पाण्यात शिरताच आपण काय करायचे ते तिला कळते.

येथे मराठी वाचकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. मराठीत ‘वुई’ला दोन पर्याय आहेत. ‘आम्ही’ हे व्यावर्तक सर्वनाम आहे. त्यात ऐकणारा धरलेला नसतो. ‘आपण’ हे समावेशक आहे. त्यात बोलणाऱ्याबरोबर ऐकणाराही येतो. इंग्रजीत हा भेद सर्वनामातून दिसत नाही आणि म्हणून इंग्रजी वाचकाला तो करावाच लागतो असे नाही. मराठी वाचकाची त्यातून सुटका नाही. पहिल्या भागातील निवेदन बाहेरच्या माणसाला तलावाची माहिती देते. नियम समजावून सांगते. तेव्हा ते निश्चितच ‘आम्ही’ आहे आणि वाचक काठावर उभा आहे. परंतु फेऱ्यांची लय, पाण्याखालची शांतता आणि वर राहिलेल्या जगाचा विसर यांचे वर्णन वाढत जाते, तसतसा वाचक पाण्यात ओढला जातो. कोठेही सूचना न देता ‘आम्ही’चे ‘आपण’ होते.

या सरकण्याचा परिणाम ॲलिसच्या बाबतीत सर्वाधिक जाणवतो. ती या समूहाचीच आहे, असे निवेदन सांगते. हे विधान मराठीत आणताना ‘ती आमच्यातली’ म्हणायचे की ‘ती आपल्यातली’? पहिल्या पर्यायात वाचक एका समूहाच्या औदार्याचा साक्षीदार राहतो. दुसऱ्या पर्यायात त्या औदार्यात त्याचाही वाटा येतो आणि पुढे त्या औदार्याचे जे होते त्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. कादंबरीच्या पूर्वार्धाचा सारा हसरेपणा या दुसऱ्या पर्यायाकडे वाचकाला नेण्यासाठी आहे, असे म्हणता येईल.

भेग आणि समूहाचे विसर्जन

दुसऱ्या भागात तलावाच्या तळाशी, चौथ्या लेनमध्ये, एक बारीक भेग दिसते. तिच्याविषयी तर्क सुरू होतात. तज्ज्ञ येतात, खुलासे होतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. काही जण भेगेकडे दुर्लक्ष करतात, काहींना तिचा ध्यास लागतो, काही पोहणे सोडतात. भेगा वाढतात आणि अखेर तलाव कायमचा बंद होतो.

भेग ही ॲलिसच्या मेंदूतील बिघाडाचे प्रतीक आहे हे वाचकाला लवकर उमगते. पण केवळ एवढेच लक्षात घेतले तर या भागाचे काम अर्धेच कळते. भेगेला समूहाने दिलेले प्रतिसाद अधिक महत्त्वाचे आहेत. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या विसराळूपणाबद्दल कुटुंबे जे बोलतात तेच येथे तलावाबद्दल बोलले जाते : हे पूर्वीपासूनच असेल, वाढणार नाही, आपलाच भास असेल. प्रत्यक्ष रुग्णाची ओळख होण्यापूर्वीच वाचक नकाराच्या या पायऱ्या चढून गेलेला असतो, तोही हसत हसत. तिसऱ्या भागात त्याला मागे वळून या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

तलाव बंद होतो आणि पोहणाऱ्यांचा सामूहिक स्वर निवेदक म्हणून पुन्हा परतत नाही. दुसरा आणि तिसरा भाग यांच्यामध्ये कोणताही सांधा नाही. इझर यांच्या परिभाषेत ही कादंबरीतील सर्वांत मोठी रिक्त जागा आहे आणि दुभंगलेपणाचा आक्षेप नेमका येथूनच निघतो. वाचकाला त्या समूहाची उणीव भासते. ‘ते सगळे कोठे गेले?’ असे त्याला वाटते. परंतु ही उणीव ॲलिसचीच आहे. ज्या एका ठिकाणी तिचा आजार आड येत नव्हता ते ठिकाण गेले, आणि तिला ‘आपल्यातली’ म्हणणारा आवाजही गेला. कादंबरी हे सांगत नाही, ते वाचकाच्या वाट्याला येऊ देते. रचनेतील फट हा दोष मानण्याऐवजी तिला अनुभवाचे वाहन मानणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरते.

ओत्सुका यांच्या आधीच्या लेखनाशी ताडून पाहता या फटीचे गांभीर्य वाढते. ‘द बुद्धा इन द ॲटिक’मध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी केवळ छायाचित्रावरून लग्न ठरवून अमेरिकेत आलेल्या जपानी स्त्रियांचे ‘वुई’ बोलते. मात्र शेवटच्या प्रकरणात ते ‘वुई’ हाती घेतात त्यांचे गोरे शेजारी. दुसऱ्या महायुद्धात जपानी कुटुंबे गावातून नाहीशी झाल्यावर हे शेजारी आधी हळहळतात आणि मग हळूहळू विसरतात. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानुसार सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. ओत्सुका यांच्या आईचे कुटुंबही यूटा राज्यातील टोपाझ येथील छावणीत होते. ‘द स्विमर्स’मधील पोहणारे दुष्ट नाहीत, ते सहृदय आहेत. पण शेजाऱ्यांच्या ‘वुई’सारखेच त्यांचे ‘वुई’ही एका माणसाला सामावून घेते आणि नंतर तिच्याविना संपते. समूहाची स्मृती व्यक्तीच्या स्मृतीहून टिकाऊ असतेच असे नाही, हे सूत्र दोन्ही कादंबऱ्यांना जोडते.

‘तिला आठवते’

‘डिएम पेर्दिदी’ या भागाची रचना यादीसारखी आहे. तिला काय आठवते आणि काय आठवत नाही, याची वाक्ये एकामागून एक येतात. नुकतीच घडलेली गोष्ट निसटते, दूरची राहते. युद्धकाळात सरकारने कुटुंबाला दिलेला क्रमांक तिला आठवतो. वाळवंटातील छावणी, तेथील धूळ, विंचू आठवतात. जन्मल्यानंतर लगेच दगावलेली पहिली मुलगी आठवते. जुन्या स्मृती नव्यांपेक्षा अधिक काळ टिकतात, हे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडले होते. परंतु कादंबरीत या निरीक्षणाला नैतिक धार येते. १९८८ च्या नागरी स्वातंत्र्य कायद्याने अमेरिकी सरकारने छावण्यांबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देऊ केले. त्या वेळी आदेशाला सेहेचाळीस वर्षे उलटली होती आणि अनेक पीडित मरण पावले होते. राष्ट्राने जे उशिरा आठवले ते एका वृद्धेच्या ढासळत्या मेंदूत अखेरपर्यंत तग धरून राहते.

येथे मराठी व्याकरण दुसऱ्यांदा साहाय्यास येते. इंग्रजी वाक्यात ‘शी’ ही कर्ती आहे. आठवण्याची क्रिया ती करते. मराठीत ‘ती आठवण ठेवते’ असे म्हणता येते, पण स्वाभाविक रचना ‘तिला आठवते’ अशीच आहे. तीत आठवणारी व्यक्ती चतुर्थीत जाते. आठवण ही तिने करण्याची गोष्ट राहत नाही. तिच्यापर्यंत येण्याची किंवा न येण्याची गोष्ट होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या अनुभवाशी ही रचना अधिक प्रामाणिक आहे. ‘तिला आठवत नाही’ या वाक्यात तिच्या प्रयत्नांची कसूर सूचित होत नाही. इंग्रजी मूळ वाचताना मुलीच्या स्वरात जी किंचित तक्रार जाणवते ती मराठी वाचनात विरते आणि तिच्या जागी असाहाय्यता येते. भाषांतरात काही हरवते हे नेहमीच सांगितले जाते; येथे काही मिळतेही.

सर्वनामाचीही निवड करावी लागते. वृद्ध स्त्रीविषयी परक्याने बोलायचे तर मराठीत ‘त्या’ म्हटले जाईल, ‘त्यांना आठवते’ अशी वाक्ये होतील. लेकीने आईविषयी बोलताना मात्र ‘ती’ हेच स्वाभाविक आहे. या भागात निवेदन मुलीला ‘यू’ म्हणून संबोधते आणि आईला ‘शी’ म्हणते. हे ‘शी’ मराठीत ‘ती’ म्हणून वाचले की निवेदन करणारी मुलगीच आहे आणि ती स्वतःलाच ‘तू’ म्हणत आहे, हे उघड होते. सामूहिक निवेदनाहून हे निवेदन वेगळे असले तरी त्याच्यामागची निकड तीच आहे : विसरले जाऊ नये म्हणून नोंद करणे.

शीर्षकाचा लॅटिन शब्दप्रयोग ‘मी दिवस गमावला’ अशा अर्थाचा आहे. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने सम्राट टायटसविषयी सांगितलेल्या आख्यायिकेत तो येतो. दिवसभरात कोणासाठी काहीच केले नाही हे रात्री ध्यानात आल्यावर टायटस तसे उद्गारला. स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात या शब्दांचा अर्थ ‘दिवस स्मरणातून गेला’ असा घेतला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु आख्यायिका लक्षात घेतली तर हा उद्गार आईइतकाच मुलीचाही ठरतो. आईसाठी काही न करता गेलेल्या दिवसांचा तो हिशेब आहे.

आदरार्थी ‘आपण’ आणि एकेरी ‘तू’

चौथ्या भागात ‘बेलाविस्ता’ ही नफ्यावर चालणारी निवासी संस्था बोलते. एका महामार्गालगत, पूर्वीच्या वाहनतळाच्या जागी ती उभी आहे. ॲलिस चाचणीत अनुत्तीर्ण झाली म्हणून ती येथे आहे, असे तिला सांगितले जाते. मग खोल्यांचे प्रकार, दर, नियम, काय आणता येईल आणि काय नाही याचे निवेदन होते. तलावाचे नियम आणि बेलाविस्ताचे नियम यांतील साम्य उघड आहे. पहिले समूहाने स्वतःवर आनंदाने घालून घेतलेले होते, दुसरे लादलेले आहेत.

संस्थेने ॲलिसला उद्देशून वापरलेले ‘यू’ मराठीत कसे वाचावे? माहितीपत्रकाच्या या भाषेला मराठीत ‘आपण’ हेच सर्वनाम शोभते. ‘आपले येथे स्वागत आहे’ ही अशा संस्थांची ठरलेली भाषा. पूर्वार्धात वाचक आणि ॲलिस यांना एकत्र आणणारे सर्वनामही ‘आपण’ हेच होते. मराठीत समावेशक ‘आपण’ आणि आदरार्थी ‘आपण’ यांचे रूप एकच आहे, व्यवहार मात्र विरुद्ध आहे. पहिल्यात बोलणारा ऐकणाऱ्याला स्वतःत मिसळून घेतो. दुसऱ्यात तो अदबीने त्याच्यापासून अंतर राखतो. तलावातल्या ‘आपण’पासून बेलाविस्तातल्या ‘आपण’पर्यंत ॲलिसचा प्रवास होतो, एवढ्यात कादंबरीचा आशय सांगता येईल. इंग्रजी संहितेत हा योग साधणे शक्य नव्हते. मराठी वाचकाला तो आपल्या भाषेमुळे दिसतो.

शेवटच्या ‘यूरोन्यूरो’ या भागात पुन्हा ‘यू’ येते, पण ते मुलीचे स्वतःला उद्देशून आहे. लेखिका असलेली ही मुलगी आईपासून दूर राहिली आणि परतली तेव्हा उशीर झाला होता. हे ‘यू’ मराठीत ‘तू’ याखेरीज दुसरे असूच शकत नाही. आत्मपरीक्षण आणि आत्मनिर्भर्त्सना मराठी माणूस एकेरीतच करतो.

येथे मराठी वाचकाच्या प्रतिसादातील एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. आईला संस्थेत ठेवणारे कुटुंब दिसताच पाश्चात्त्य कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाचा निर्वाळा देण्याचा मोह होतो. वर्गातील चर्चेत तर तो हमखास व्यक्त होतो. परंतु हा निर्वाळा म्हणजे पुन्हा ‘आम्ही’चाच आश्रय आहे : ‘ते असे, आम्ही तसे नाही.’ कादंबरीने ज्या सर्वनामाची परीक्षा घेतली त्याच सर्वनामामागे वाचक लपतो. ॲलिसचा पती घरी एकटा तिची उणीव सोसत राहतो; मुलीला स्वतःच्या अनुपस्थितीची बोच आहे. येथे प्रेमाचा अभाव नाही. प्रेम असूनही पुरे न पडणे हा या भागांचा विषय आहे आणि तो कोणत्याही एका देशापुरता नाही.

काही मर्यादा

कादंबरीच्या मर्यादाही नोंदवणे क्रमप्राप्त आहे. पहिली, बेलाविस्ताच्या भागात उपरोध इतका एकसुरी आहे की, संस्थेचा आवाज म्हणजे केवळ धंद्याचा आवाज होतो. अशा ठिकाणी रुग्णांना भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री उठून पाहणारी माणसे असतात. ती येथे कडेलाच राहतात. ‘वुई’मध्ये कोण येते आणि कोण वगळले जाते याविषयी इतक्या सजग असलेल्या लेखिकेकडून हे घडावे, हे खटकते. दुसरी, ॲलिसला फ्रंटो-टेम्पोरल प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. या विकारात आरंभी स्मृतीपेक्षा वर्तन आणि भाषा यांतील बदल सहसा ठळक असतात. कादंबरीने मात्र स्मृतीलाच केंद्रस्थानी ठेवले आहे, त्यामुळे आजाराचे चित्र काहीसे सरळ झाले आहे. तिसरी, भेगेविषयीच्या तर्कांचा विस्तार आवश्यकतेहून अधिक आहे. प्रतीक उमगल्यानंतरही ते समजावले जात राहते. या मर्यादांनी मूळ रचनेला बाध येत नाही, परंतु उत्तरार्धातील शोकाला जी खोली आहे ती त्यातील उपरोधाला नाही, हे मान्य करावे लागते.

समारोप

‘द स्विमर्स’ ही दोन कथांची जोडणी नाही. ‘वुई’कडून ‘शी’कडे आणि तेथून ‘यू’कडे जाणारी तिची वाट समूहातून एकाकीपणाकडे जाते आणि त्या वाटेवर वाचकाचे स्थान सतत बदलते. तो आधी काठावर असतो, मग पाण्यात, मग समूहाविना आणि अखेरीस मुलीच्या जागी. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’, ‘ती’ व ‘त्या’, ‘आपण’ व ‘तू’ हे भेद या प्रत्येक बदलापाशी वाचकाला थांबवतात आणि निवड करावयास लावतात. इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात मातृभाषेला केवळ अर्थ सांगण्याचे साधन मानले जाते. ती समीक्षेचेही साधन होऊ शकते, याचा प्रत्यय हे वाचन देते.

आणखी एक बाब व्याकरणाचीच आहे. ‘तिला आठवते’ या वाक्यात आठवण ॲलिसकडे येते. तिच्या मृत्यूनंतर चतुर्थीची जागा मुलगी घेते आणि ॲलिस प्रथमेत येते : ‘ती आठवते.’ ज्या समूहाने तिला आपल्यातली म्हटले त्याच्याकडून हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही. ते एकट्या मुलीला, उशिरा का होईना, उच्चारावे लागते. कादंबरी वाचून संपल्यावर ते वाचकालाही उच्चारता येते आणि तेवढ्यापुरती ॲलिस पुन्हा ‘आपल्यातली’ होते.